सात नंबरची बाटली

निंबोळ्याची गावविहीर पुंजाजीनं खोदली होती. एकट्यानं नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात ती कोरडी ठाक पडली आणि आणखी चार परस, चार माणसांच्या उंचीइतकी, खाली न्यायचं ठरलं, तेव्हा तळाशी उतरून सुरुंगाची भोकं पाडायला आणि बत्ती लावून जीव मुठीत धरून दोरावर चढायला गावातलं कुणी पुढं आलं नाही. बौद्धवाड्यातले सहा गडी उतरले, त्यात पुंजाजी सगळ्यात पुढं. तीन महिने ते त्या विहिरीच्या पोटात होते. तिथंच भाकरी खाल्ली, तिथंच घाम गाळला, आणि खरं सांगायचं तर तिथंच मुतलेसुद्धा. मग एका सकाळी काळ्या खडकातून बोटभर झरा फुटला. गावानं नारळ फोडला आणि पुंजाजीला सांगितलं, आता वर ये.

वर आल्यावर त्या विहिरीला हात लावायचा नाही, हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढं जे झालं ते सगळं यातूनच झालं.

पंच्याहत्तरच्या माघात आखाडा बाळापूरच्या बाजूनं धुरळा उडवत एक सरकारी जीप आली. आदल्या साली उन्हाळ्यात रेडिओवर सांगितलं होतं की आपल्या देशानं वाळवंटात अणूचा स्फोट केला. तेव्हापासून निंबोळ्याच्या चावडीवर अणूशिवाय गोष्ट नव्हती. सरपंच उकंडराव पाटील तर छातीठोक सांगायचे की काडेपेटीएवढ्या अणूवर अख्खा परभणी जिल्हा उजळतो. त्यांना उजेडाचं काय, त्यांच्या वाटेनं विजेचे खांब आलेच होते. शेवटचा खांब बौद्धवाड्याच्या अलीकडे चाळीस पावलांवर थांबला होता, आणि त्याच्यावर बल्बसुद्धा नव्हता.

जीपमधून दोघं उतरले. एक चष्मेवाले साहेब, दूर कुठल्या मुलखातले, हिंदी बोलणारे. दुसरा ड्रायव्हर रतनसिंग, हिंगोलीचा. साहेबांनी चावडीवर समजावलं ते असं: अणूवर वीज करायचे कारखाने देशात उभे राहत आहेत, त्यांना एक जड धातू लागतो, तो कुठं ना कुठं खडकात दडलेला असतो. असला तर त्याचा अंश विहिरीच्या पाण्यात उतरतो. म्हणून गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचं, यंत्राखाली घालायचं, आणि नकाशावर खुणा करायच्या.

"म्हंजे आमच्या गावात अणूचा कारखाना व्हणार?" पाटलांनी विचारलं.

"पहले पानी तो देखने दो," साहेब म्हणाले.

गावातल्या सगळ्या विहिरी माहीत असलेला एक माणूस त्यांना रोजावर हवा होता. ग्रामसेवकानं विचार न करता पुंजाजीचं नाव सांगितलं. आसपासच्या निम्म्या विहिरींत तो उतरलेला. कुठल्या विहिरीला कितव्या परसाला कोणता दगड, हे त्याला घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं.

साहेबांनी त्याला काम शिकवलं. प्लास्टिकची बाटली, गळ्याला दोरी, बुडाला दगड. आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची, मग खोल सोडून भरायची, पाण्यातच बुच लावायचं. आणि एक गोष्ट साहेबांनी दोनदा बजावली. कुणाच्या घागरीतलं, कळशीतलं पाणी घ्यायचं नाही. भांड्याचं तांबं पाण्यात उतरतं आणि मग सगळी तपासणी वाया जाते. बाटली थेट विहिरीत गेली पाहिजे.

मग त्यांनी नकाशा पसरला. निजामाच्या अमदानीतला होता. त्यावर निंबोळ्याच्या सात विहिरी होत्या, सहा शेतातल्या आणि सातवी गावविहीर.

"साहेब, आमची एक विहीर हाय," पुंजाजी म्हणाला. "वढ्याच्या अंगाला. अठ्ठावन साली आमीच पाडली."

साहेबांनी नकाशावर बोट फिरवलं. "इसमें तो नहीं है."

"नकाशात न्हाई, पण पाणी हाय तिच्यात. पन्नास घरं पितेत."

"नकाशातल्याच भरायच्या," रतनसिंगनं मराठीत उलगडून सांगितलं. "जास्तीची बाटली न्हाई आपल्यापाशी. सात बोल्या तो सात."

साहेब दुपारी येतो म्हणून वारंगा फाट्याकडच्या गावांना गेले. पुंजाजीनं शेतातल्या सहा विहिरी उरकल्या. तिथं अडवायला कुणी नव्हतं, आणि मोटेच्या पाण्याला शिवाशिव तशीही कमी असते. सातवी बाटली घेऊन तो गावविहिरीवर आला तेव्हा दिवस बराच वर आला होता आणि काठावर बायांची गर्दी होती.

"ए, कुठं निघाला?" नर्मदाबाई म्हणाल्या. पाटलांची थोरली भावजय, विहिरीवर त्यांचाच हुकूम चालायचा.

"सरकारी काम हाय, बाई. येवढी बाटली सोडायची अन् भरायची."

"तू सोडणार?"

"साहेबानं मलाच सांगितलंय."

"साहेबाला काय ठावं. हितं खाली धर बाटली, मी वरून वतते." त्यांनी तांब्याची घागर कमरेवर घेतली.

"घागरीतलं चालत न्हाई, बाई. तांबं उतरतंय म्हणे पाण्यात."

बाया खळखळून हसल्या. एकजण म्हणाली, "ऐका! आता आमच्या घागरीचा इटाळ व्हाया लागला ह्यांच्या बाटलीला!"

आवाज ऐकून उकंडराव पाटील आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पुंज्या, बाटली सरकारची असंल, हात कुणाचा हाय?"

"मालक, मी ह्याच हिरीत तीन महिने होतो."

"तवा पाणी नव्हतं."

पुंजाजी बाटली घेऊन परत फिरला. पाटलांनी दुसरा कुणी गडी दिला असता तर काम झालं असतं, पण साहेबांचं काम म्हणजे बिनकामाचं काम, त्यासाठी कोण गडी मोकळा करतो. पुंजाजीनं सूर्याकडं पाहिलं. दुपारी साहेब येणार आणि बाटली रिकामी दिसली की रोज बुडणार, शिवाय पुढच्या गावांचं काम जाणार. वाड्यात येऊन तो आपल्या विहिरीच्या काठाला बसला. या विहिरीचा तळ निराळा होता हे त्याला माहीत होतं. वर काळा खडक, पण आठव्या परसाला तांबडा, भुरभुरा, मिठासारखा चमकणारा दगड लागला होता. पण पाणी ते पाणी, असं त्यानं मनाशी म्हटलं. साहेबाला काय, बाटली भरल्याशी मतलब. त्यानं नीट तीनदा खंगाळली, खोल सोडली, पाण्यातच बुच लावलं. सांगितल्या कामात एवढीसुद्धा कसूर केली नाही. फक्त विहीर बदलली.

बाटलीवर साहेबांनी निळ्या शाईनं आधीच लिहून ठेवलं होतं: ७, गावविहीर.

जीप गेली. पाटलांनी लगेच ओढ्यापलीकडचा खडकाळ माळ नावावर करून घेतला, कारखाना आलाच तर असावा म्हणून. कारखाना आला नाही. वर्ष गेलं, त्यात आणीबाणी आली. कचेरीतले लोक वेळेवर यायला लागले आणि चावडीच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात रंगवून गेलं: एक गाव, एक पाणवठा. ती भिंत विहिरीच्या अगदी समोर होती. पाणी भरणाऱ्या बायांना ती रोज दिसायची आणि त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते पाणी भरत नव्हते.

शहात्तरच्या माघात रतनसिंग एकटाच जीप घेऊन कागद द्यायला आला. ग्रामसेवकानं तो चावडीवर वाचला. निंबोळा येथील गावविहिरीच्या पाण्यात किरण सोडणाऱ्या धातूचा अंश प्रमाणाबाहेर आढळला आहे. एक-दोन दिवस पोटात गेल्यानं अपाय होत नाही, पण वर्षानुवर्षं पोटात गेला तर हाडांत आणि मूत्रपिंडांत बसतो. ही विहीर पिण्यासाठी वापरू नये. गावाला दुसरी सोय करून द्यावी. खाण काढण्याएवढा मात्र साठा दिसत नाही.

पाटलांचा चेहरा शेवटच्या वाक्याला पडला. बायांनी आधीच्या वाक्यांना पदर तोंडाला लावले होते. बाजूला, नेहमीच्या जागी, जमिनीवर पुंजाजी बसला होता. सात नंबर. निळी शाई.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. पद्माबाई भाकरी थापत होती.

"म्हंजे जहर आपल्या हिरीत हाय?"

"व्हय."

"अन् तुमी वरीसभर गप ऱ्हायलात?"

"मला तरी आज कळलं ना."

"हिरी आदलाबदल केली हे तर ठावं व्हतं! काहून केली?"

"मंग काय करू? काठाला पाय ठेवू देईनात."

पद्माबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "त्यायनी हात लावू दिला न्हाई, अन् तुमी त्यायची इज्जत झाकली. रिकामी बाटली द्यायची साहेबाला. म्हणायचं, हे बघा, असं हाय आमचं गाव."

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या कचेरीत गेला. आपली चूक लपवून त्यानं एवढंच म्हटलं की आमच्या वाड्यातल्या विहिरीचंही पाणी तपासा, खराब असेल. कारकुनानं कागद उलटले.

"तुमच्या गावाला विहीर एकच."

"दोन हायती साहेब."

"कागदावर एक आहे. जी विहीर नाहीच, तिचं पाणी खराब कसं असेल?" आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दिवस कसे आहेत माहीत आहे ना? उगाच अफवा पसरवू नको. आत जाशील."

आणीबाणीत कामं मात्र झपाट्यानं व्हायची. पंधरा दिवसांत खडखडत बोअरचं यंत्र आलं आणि पाटलांच्या दारापुढं उभं राहिलं. पुंजाजी लांबून पाहत होता. खोदणाऱ्याला दगड पाहिल्याशिवाय राहवत नाही. आधी काळी भुकटी उडाली. मग दीडशे फुटांच्या खाली फवारा तांबडा झाला. उन्हात चमकणारा, मिठासारखा. पुंजाजीनं चिमूटभर भुकटी उचलली, बोटांत चोळली आणि धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणली. पाणी भरपूर लागलं. हातपंप बसला. पेढे वाटले. ते पाणी कुणी बाटलीत भरून नेलं नाही. कागदावर फक्त विहिरीचं नाव होतं.

आता जुन्या विहिरीचं काय करायचं? इथं पाटलांचं डोकं चाललं. तहसीलदारांना वरून रोज विचारणा होत होती, किती गावांत एक पाणवठा झाला? पाटलांनी सांगून पाठवलं, आमच्या गावात होईल. येत्या सोमवारी आमची गावविहीर बौद्ध बांधवांना खुली करू. फोटोवाला घेऊन या.

द्यायचं तर जहर द्यायचं, आणि त्याचाही फोटो काढायचा.

वाड्यात रागाची आग पेटली. समाजमंदिरापुढं सगळी जमली. म्हातारी जनकाबाई काठी आपटून म्हणाली, "इतकी वरसं चांगलं पाणी व्हतं तवा हुसकलं, आता नासलं तर या म्हंतेत! कुत्र्याला टाकल्यावाणी! एकानंबी जायचं न्हाई सोमवारी." सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं. इतकं बरोबर बोलणं त्या जागी क्वचित झालं असेल.

पुंजाजी उठला. सांगितल्यावर आपलीच माणसं अंगावर येतील हे त्याला दिसत होतं. इतकी वर्षं ज्यांनी लेकरांना ते पाणी पाजलं ती सगळी समोर बसली होती. तरी त्यानं सांगितलं. बाटली, नकाशा, तांबडा दगड, सगळं. एकजण धावून आला, त्याला दोघांनी धरलं. जनकाबाई म्हणाली, "म्हंजे ते आमाला देऊन राहिले ती चांगली हिर हाय?"

"चांगली. काळ्या दगडाची. मी डोळ्यानं बघितलाय झरा."

"अन् त्यायला ठावं न्हाई."

"न्हाई."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. हसू थांबल्यावर एकजण म्हणाला, "मंग तोंड बंद ठेवा. गुपचूप पिऊ."

"गुपचूप काहून?" पद्माबाई म्हणाली. "पन्नास घरची गोष्ट कितीक दिस झाकणार? उद्या कळलं की हिर हिसकून घेतील. सांगायचं. पण आधी कागद व्हऊ द्या. सही व्हऊ द्या, फोटो निघू द्या, आपली घागर भरू द्या. मंग ह्यायनी उभं ऱ्हायचं अन् सांगायचं."

सोमवारी मांडव पडला. तहसीलदार आले, हार झाले. 'पिण्यासाठी वापरू नये' असं सांगणारा कागद कुणी काढला नाही. पाटलांनी समतेवर भाषण केलं आणि ते बरं केलं, त्यांना बोलता येत होतं. तहसीलदारांनी नोंदवहीत लिहिलं की निंबोळा येथील सार्वजनिक विहीर सर्व नागरिकांस खुली करण्यात आली आहे. खाली सही, शिक्का, पाटलांची सही. पद्माबाई पुढं गेली, पोहरा सोडला, घागर भरली. फोटोवाल्यानं तिला दोनदा थांबवलं. बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "भर माय, भर!" आणि दबलेलं हसू. पद्माबाईनं ओंजळ भरून सगळ्यांसमोर पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं.

मग पुंजाजी उभा राहिला.

"जयभीम. मला दोन शबुद बोलायचेत." तो सरळ बोलला. "सात नंबरच्या बाटलीत ह्या हिरीचं पाणी नव्हतं. ते आमच्या वाड्यातल्या हिरीचं व्हतं. मी भरलं. जहर आमच्या हिरीत हाय. ही हिर साफ हाय."

फोटोवाल्याचा हात कॅमेऱ्यावरच राहिला.

"हरामखोरा," पाटील उठले, "सरकारला फसवलं तू! साहेब, ह्याला आत टाका."

"टाका," पुंजाजी म्हणाला. "लिवून घ्या साहेब, पुंजाजीनं सरकारला फसवलं. अन् काहून फसवलं तेबी खाली लिवा. मला बाटली सोडू दिली न्हाई म्हणून. कुणी सोडू दिली न्हाई, त्याचं नाव मी सांगतो. हितंच बसलेत."

तहसीलदारांनी टोपण काढलं होतं. ते पेन हातात तसंच राहिलं. पहिली ओळ लिहिली की दुसरी लिहावी लागणार होती, आणि दुसऱ्या ओळीला अस्पृश्यतेच्या कायद्यात कलम होतं. समोर लाल अक्षरांची भिंत, वहीवर आताच मारलेला शिक्का ओला. त्यांनी पेनाला टोपण लावलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. काय असेल ते लेखी द्या." आणि जीपकडे निघाले.

"अजून एक," पुंजाजीनं सोगा सोडून तांबडी भुकटी पाटलांपुढं धरली. "मालक, ही तुमच्या पंपाची. आमच्या हिरीच्या तळाला हाच दगड हाय. पंपाचं पाणी तपासून घ्या."

"पंपबी पायजे व्हय रे तुमाला?" पाटील म्हणाले. त्यांनी त्याच्या हाताला फटका मारला. भुकटी मांडवात सांडली.

विहीर परत घेता आली नाही, कागद झाला होता. आणि खरं तर कुणाला नकोही होती. आता तिच्यात पद्माबाईचा पोहरा बुडाला होता. बौद्धवाड्यानं आपल्या जुन्या विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. अठरा वर्षांच्या आतल्यांनी तिच्याशिवाय दुसरं पाणी पाहिलं नव्हतं, तरी टाकल्या. पुंजाजीनं ग्रामसेवकाकडून लिहवून पंपाच्या पाण्याबद्दल तालुक्याला तीन अर्ज पाठवले. तिन्हींवर आवक शिक्का बसला. बाटली घेऊन कुणी आलं नाही.

चैत्र संपता संपता एका टळटळीत दुपारी पद्माबाई विहिरीवर होती. नर्मदाबाई तांब्याची घागर घेऊन आल्या आणि लांबच, चिंचेच्या सावलीत थांबल्या. एकट्याच होत्या. पंपाकडं त्यांनी एकदा वळून पाहिलं. तो चालू होता, दांडा वरखाली होत होता, त्याचा कर्रकर्र आवाज इथपर्यंत येत होता.

"पद्माबाई," त्या म्हणाल्या. आजवर पद्मे म्हणायच्या. "तुझा मालक ते दगडाचं बोलला ते खरं का गं?"

"त्यायला दगड कळतेत."

"आमच्या सुनंला दिवस गेलेत." नर्मदाबाईंनी घागर खाली ठेवली, दोन पावलं पुढं सरकवली आणि परत मागं झाल्या. "जरा वत की. वरून."

पद्माबाईनं पोहरा वर ओढला, आपली घागर भरून घेतली. मग रिकामा पोहरा काठावर ठेवला, दोर नीट गुंडाळून त्याच्याशेजारी.

"पोहरा हितं हाय, बाई. हिर गावाची हाय. तुमच्या हातानं काढा, कुणी अडवत न्हाई."

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि वाड्याची वाट धरली. मागं दोराचा आवाज होतो का, हे ऐकायला ती थांबली नाही. घरी भाकरी व्हायच्या होत्या.